जोडून आलेली सुट्टी आणि नऊ हजार फुलं

शंकेखोर : कॅन्सस सिटीच्या पहिल्या महायुद्ध संग्रहालयाबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवार-रविवार-सोमवारबद्दल. मेमोरियल डे म्हणजे युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांचा दिवस. तो येतो कधी? शाळा संपत आलेल्या असतात, पोहण्याचे तलाव उघडतात, गाद्यांपासून मोटारींपर्यंत सगळ्यांचे सेल लागतात, तेव्हा. त्याच तीन दिवसांत संग्रहालयही आपला मांडव घालतं. माजी सैनिकांना मोफत प्रवेश, त्या काळचे गणवेश चढवलेले स्वयंसेवक, सोमवारी मानवंदना. रविवारी संध्याकाळी टेकडीखालच्या युनियन स्टेशनपाशी कॅन्सस सिटी सिम्फनीची मैफल आणि शेवटी आतषबाजी, हा तर वर्षानुवर्षांचा रिवाज. उतारावरच्या हिरवळीवर घडीच्या खुर्च्या, पेयांचे बर्फाचे डबे, पोरांच्या हातात चमकणाऱ्या कांड्या. ज्या युद्धाने तोफांच्या आवाजाने माणसं कायमची थरथरती करून घरी पाठवली, त्याच्या स्मारकावर आपण दारू उडवतो. आणि त्या युद्धाचा स्वतःचा दिवस आहेच की, ११ नोव्हेंबर. मग मे कशाला? नोव्हेंबरात थंडी वाजते म्हणून?

उत्साही : थंडी वाजते हे खरंच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मेमोरियल डे काही सेलवाल्यांनी काढलेला नाही. १८६८ साली जनरल जॉन लोगन यांनी यादवी युद्धातल्या मृतांच्या थडग्यांवर फुलं वाहायला ३० मे ठरवला. पहिल्या महायुद्धानंतर तो सगळ्याच युद्धांतल्या मृतांचा झाला, म्हणजे या संग्रहालयाचा त्यावर हक्क पोचतो. शिवाय लोगन यांच्याही आधीची एक गोष्ट ऐका. चार्ल्सटनमध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर युद्धकैद्यांची छावणी होती. तिथे मेलेल्या उत्तरेकडच्या सैनिकांना एका खड्ड्यात लोटलेलं होतं. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी ती प्रेतं उकरली, एकेकाला वेगळं पुरलं, भोवती कुंपण घातलं आणि १ मे १८६५ला मोठी मिरवणूक काढली. पुढे शाळेतली मुलं, हातात फुलं. भजनं झाली, प्रवचनं झाली. आणि मग? मग त्याच मैदानावर लोकांनी शिदोऱ्या सोडल्या आणि पलटणींची कवायत बघत बसले. तुम्हाला नको असलेली सहल त्या दिवसाच्या मुळातच आहे.

शंकेखोर : गोष्ट चांगली आहे, पण तुम्ही ती शेवटाकडून सांगता. त्या लोकांनी आधी कबरी खणल्या, मग शिदोरी सोडली. ज्यांच्यासाठी खणल्या त्यांच्यामुळे आपण गुलाम राहिलो नाही, हे त्यांना कुणी फलकावर लिहून सांगायची गरज नव्हती. आज हिरवळीवर बसणाऱ्यांनी काय खणलं? शंभर वर्षांपूर्वीचं युद्ध, ओळखीचं एकही माणूस त्यात नाही. दोष त्यांचा नाही, पण मग त्या शिदोरीला आधार कशाचा? सरकारनेही सोय पाहून तारीख सरकवली. १९६८च्या कायद्याने हा दिवस ३० मेवरून उचलून मेच्या शेवटच्या सोमवारी नेला, १९७१पासून तसा पाळला जातो. कारण उघड आहे, जोडून सुट्टी मिळते. हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये, ज्यांचा उजवा हात १९४५ साली इटलीतल्या लढाईत गेला, ते वर्षामागून वर्ष विधेयक मांडत राहिले की ३० मे परत द्या. २०१२ साली ते वारले, विधेयक काही पुढे सरकलं नाही. हात गमावलेल्या माणसाला कळत होतं की सोमवारला बांधलेला शोक हळूहळू सोमवारचाच होतो.

उत्साही : इनोये यांच्याबद्दल आदर राखून विचारते, १९७१च्या आधी ३० मेला काय होत होतं? इंडियानापोलिसची मोटार शर्यत १९११पासून त्याच दिवशी होत होती. लोक तेव्हाही शर्यतीला जात. तारीख बदलल्याने फार तर एवढं झालं की दूरच्या गावाहून पोरंबाळं घेऊन येणाऱ्याला येता आलं. संग्रहालयाला हे महत्त्वाचं आहे. आणि गर्दीला तुम्ही नावं ठेवता, पण हे स्मारक गर्दीच्याच पोटी जन्मलं. १९१९ साली, युद्ध संपून वर्ष होतं न होतं तोच, या एका शहराने दोन आठवड्यांच्या आत पंचवीस लाख डॉलरहून जास्त वर्गणी जमवली. देणारे होते ८३,००० लोक. १ नोव्हेंबर १९२१ला जागेचं अर्पण झालं तेव्हा बेल्जियमचे जाक, इटलीचे दियाझ, फ्रान्सचे फॉश, अमेरिकेचे पर्शिंग आणि ब्रिटनचे बीटी असे पाच सेनानी इथे एका व्यासपीठावर बसले. बघायला लाखावर माणसं. ती सगळी डोळे पुसत उभी होती असं वाटतं तुम्हाला? जत्राच होती ती. १९२६ साली अध्यक्ष कूलिज यांच्या हस्ते स्मारक खुलं झालं. पुढे लोकांचा पाय कमी झाला, पैसा आटला, बांधकाम खिळखिळं झालं आणि १९९४ साली दाराला कुलूप लागलं. ते कुलूप शोकाने उघडलं नाही. १९९८मध्ये शहरातल्या मतदारांनी दुरुस्तीसाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, म्हणून उघडलं. ज्याला कधीतरी हिरवळीवर बसून आतषबाजी बघितल्याचं आठवतं, तोच माणूस असा कर लावून घेतो.

शंकेखोर : कर भरणाऱ्याला मग आपल्या मापाचं स्मारक हवं असतं, आणि माझी भीती तीच आहे. त्याच आवारातल्या मेमरी हॉलमधलं भिंतभर चित्र तुम्ही पाहिलंय. ते मुळात तिथलं नव्हे. पॅरिसमध्ये युद्ध चालू असताना शंभरावर चित्रकारांनी मिळून ‘पांतेओं द ला गेर’ नावाचं एक गोलाकार महाचित्र रंगवलं. सुमारे चारशे फूट लांब, पंचेचाळीस फूट उंच. मित्रराष्ट्रांतली हजारो माणसं त्यात, चेहरे ओळखू यावेत अशी. मध्यभागी अर्थात फ्रान्स. १९२७ साली ते अमेरिकेत विकलं गेलं. प्रदर्शनांतून फिरलं, उत्सुकता संपली तसं बॉल्टिमोरमध्ये एका पेटाऱ्यात उघड्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलं. १९५२ साली एका उपाहारगृहाच्या मालकाने ते घेतलं आणि त्याच्याकडून ते पुढे कॅन्सस सिटीला आलं. इथली भिंत लहान. तेव्हा डॅनियल मॅकमॉरिस या चित्रकाराने कात्री घेतली. मूळ चित्रातला सात टक्क्यांच्या आसपासचा भाग ठेवला, बाकीचा गेला. जे ठेवलं त्यातही अमेरिका उचलून मध्यभागी आणली, आणि या भागातल्या तोफखान्याचे कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेलेले हॅरी ट्रुमन, जे नंतर राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांना त्यात नव्याने बसवलं. आता भिंतीसमोर उभं राहिलं की चित्र अखंडच वाटतं. सांधे दिसत नाहीत. तुमचा तीन दिवसांचा कार्यक्रम मला तसा वाटतो. युद्ध सगळ्या जगाचं, भिंत एका देशाच्या सोमवारची, आणि कात्रीबद्दल कुणी बोलत नाही.

उत्साही : मॅकमॉरिसने कापलं नसतं तर ते पेटाऱ्यातच कुजलं असतं.

(इथे लेखकाने मध्ये तोंड घालायला हरकत नसावी. लेखकाचा कल खरं तर उत्साही बाईंकडे आहे. पण चित्राच्या मुद्द्यावर त्यांचं उत्तर लंगडं पडलं. वाचलं हे खरं, म्हणून कापणीबद्दल विचारायचं नाही असं होत नाही.)

शंकेखोर : कुजण्यापेक्षा बरं, एवढ्यावर मी समाधान मानणार नाही. संग्रहालयाच्या आत जाताना काय लागतं ते आठवा.

उत्साही : तेच तर मी सांगणार होते! पायाखाली काचेचा पूल, त्या खाली तांबड्या पॉपीचं शेत. नऊ हजार फुलं, एकेक फूल एक हजार मृत सैनिकांचं. म्हणजे नव्वद लाख. मोठी माणसं भराभर चालत पलीकडे जातात. मुलं मात्र मधेच थांबतात, काचेवर बसकण मारतात आणि मोजायला लागतात. वीस-पंचवीसपर्यंत मोजून होतात, मग वर बघतात. पुढे गेलं की रेनोचा तो छोटा रणगाडा, जर्मन तोफगोळ्याने मागच्या बाजूला फाडलेला. तिथे पत्रा कसा आत वळलाय हे बघायला पोरं एकमेकांना ढकलतात. यातली कितीतरी घरं एरवी संग्रहालयाची पायरी चढत नाहीत. रविवारच्या मैफलीला जागा धरायला लवकर येतात, ऊन लागतं म्हणून आत शिरतात. फाटलेल्या रणगाड्यापाशी उभ्या असलेल्या पोराला तुम्ही विचारणार का, बाबा, तू शोकासाठी आलास की सावलीसाठी?

शंकेखोर : नाही विचारणार. उलट त्याच पोराला मी पुलावर परत नेईन. नव्वद लाखांत जर्मन आहेत, तुर्क आहेत, रशियन आहेत, आपले हिंदी शिपाई आहेत. फुलांचे गणवेश वेगळे नाहीत. आता हिशेब करा. त्या युद्धात अमेरिकेची १,१६,५१६ माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त रोगराईने, मुख्यतः फ्ल्यूने. पुलाखालच्या मापाने किती फुलं झाली? एकशेसतरा. नऊ हजारांत एकशेसतरा. एरवी वर्षभर संग्रहालय नऊ हजारांची गोष्ट सांगतं, आणि उत्तम सांगतं. सर्बिया काय, गालिपोली काय, सगळं आहे तिथे. मेच्या सोमवारी व्यासपीठावरून ‘आपले’ म्हटलं जातं तेव्हा ती एकशेसतरा उरतात. बाकीची ८,८८३ तेवढ्यापुरती शोभेची होतात. माझी खरी तक्रार ही आहे. आतषबाजी हे निमित्त होतं, तुम्ही मला बोलतं केलंत म्हणून आत्ता सापडली.

उत्साही : मग माझंही खरं उत्तर ऐका. नव्वद लाखांसाठी कुणी रडू शकत नाही. तो आकडा डोक्याला कळतो. मेमरी हॉलमध्येच ब्राँझच्या पाट्यांवर कॅन्सस सिटीच्या ४४१ जणांची नावं आहेत. तिथे माणसं बोट फिरवतात, आपलं आडनाव शोधतात, सापडलं नाही तरी मिळतंजुळतं बघून थबकतात. बाहेर वॉक ऑफ ऑनर आहे, ग्रॅनाइटच्या विटांची वाट. घरच्यांनी आपल्या माणसाचं नाव कोरून घ्यायचं. नव्या विटांचं अर्पण वर्षातून दोनदा होतं, त्यातलं एक मेमोरियल डेला. एखादी म्हातारी वाकून वडलांच्या विटेचा फोटो काढते आणि नातवाला सांगते, इथे पाय देऊ नकोस, थांब, दे, पाय द्यायलाच ती आहे. शोक नावानेच होतो, आणि नाव कुठल्यातरी गावाचं, देशाचं असतं. सगळ्या जगाचा शोक एकदम करायला निघालेला माणूस शेवटी कुणाचाच करत नाही.

शंकेखोर : विटेला पैसे पडतात.

उत्साही : पडतात. तेराव्यालाही पडतात.

शंकेखोर : बरं, ते सोडलं. पण नावाचं म्हणालात म्हणून आपल्या घरचं सांगतो. पूना डिव्हिजन, म्हणजे सहावी डिव्हिजन, मेसोपोटेमियात गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. १०३वी, ११०वी, ११७वी. डिसेंबर १९१५पासून कुट-अल-अमारात वेढा पडला, घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. नंतरच्या कैदेत मेले ते निराळे. या आघाडीवर ज्यांना कबर मिळाली नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभारलं, चाळीस हजारांवर माणसांचं. ब्रिटिशांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात हे सगळं कबूल केलं. आपल्याकडे खेड्यांतून तेव्हाच्या सरकारने लावलेल्या संगमरवरी पाट्याही तशाच : या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. कोण गेले, विचारू नका. हिंदुस्थानचे जे सुमारे चौऱ्याहत्तर हजार मेले, त्यांची पुलाखाली चौऱ्याहत्तर फुलं आहेत. तेवढीच एक जागा, जिथे ती इतरांच्या बरोबरीने मोजली गेली. आणि तुम्ही मला सांगता, शोक नावाने होतो! मग नाव नसलेल्याने काय करायचं? त्याच्यासाठी तो आकडाच दार आहे.

उत्साही : हे मला टोचलं. पण बसऱ्याचं काय झालं तेही सांगा ना. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते अख्खं स्मारक उचलून शहराबाहेर दूर, नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेऊन ठेवलं. कुणी ओरडलं का? ओरडायला तिथे वर्षातून एकदा जमणारी माणसंच नव्हती. नाव, आकडा, दगड, काहीही असू दे, माणसं आली नाहीत तर सगळं सारखंच. आणि माणसं आली तर काय होतं, ते बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. भीमा-कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने १ जानेवारी १८१८च्या लढाईतल्या स्वतःच्या फत्तेसाठी उभारला. त्यावर महार शिपायांची नावं होती, तरी शंभर वर्षं तो कंपनीचाच राहिला. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथे गेले, मग लोक जात राहिले, दर वर्षी जास्त. आज त्या दगडाचा अर्थ कंपनी ठरवत नाही, लोक ठरवतात. तिथेही पोळी-भाजीचे डबे असतात, पुस्तकांचे स्टॉल असतात, गाणी असतात, पोरं खांद्यावर बसलेली असतात. सहल आणि स्मरण यांची फारकत कुणी केली नाही.

शंकेखोर : तिथे जाणाऱ्याला आमंत्रणपत्रिका येत नाही, हा फरक. कार्यक्रमपत्रिकाही नसते, सकाळी दहाला अमुक, साडेअकराला तमुक असं नसतं. लोक आपला प्रश्न घेऊन येतात आणि दगडाला विचारतात. काहींना ते आवडतही नाही, म्हणजे प्रश्न जिवंत आहे. कॅन्सस सिटीत संग्रहालय गर्दीलाही बोलावतं आणि तिने काय वाटून घ्यायचं तेही ठरवतं. कुणालाही न दुखवणारा समारंभ कुणाचाच अर्थ बदलत नाही.

उत्साही : कुणालाही न दुखवणारा? त्याच आवारात मेमोरियल डेच्या तीन दिवसांत १४० झेंडे रोवलेले असायचे, ते विसरलात. आठवड्याला सरासरी १४० माजी सैनिक आत्महत्या करतात असा तेव्हाचा अंदाज होता, त्या हिशेबाने. हे लोक युद्धात मेलेल्यांच्या यादीत बसत नाहीत. मेमोरियल डेच्या व्याख्येतच बसत नाहीत. तरी संग्रहालयाने त्यांना त्याच दिवशी, त्याच गवतावर, खुर्च्यांच्या शेजारी उभं केलं. सरकारला, सैन्याला आणि बर्फाचा डबा घेऊन निघालेल्या बापाला, तिघांनाही अडचणीचं. ते झेंडे नोव्हेंबरात लावले असते तर किती जणांनी बघितले असते?

शंकेखोर : ...हे मात्र मला मान्य करायला हवं. यादीबाहेरच्यांना यादीच्या दिवशी आत घेणं, हे धाडसच. त्या झेंड्यांच्या डोक्यावर रविवारी रात्री आतषबाजीचे बार काढायचे, हे मला तरीही पटत नाही. पण आता माझा आक्षेप बारीक होत चाललाय हे खरं. तो सुट्टीला नाही. हिरवळीवरच्या माणसालाही नाही. संग्रहालयाचं काम विचारायचं असतं, स्मारकाचं काम नमस्काराचं. टेकडीवर दोघं एकाच दारातून आत घेतात. वर्षभर विचारणारा बोलतो. या तीन दिवसांत त्याला गप्प बसवून नमस्कार करणारा पुढे येतो. दोघांनी एकाच व्यासपीठावर, एकाच वेळी बोलावं असं मला वाटतं.

उत्साही : तसं ते दगडात आहेच. स्मारकाच्या मनोऱ्याच्या पायथ्याला दोन स्फिंक्स आहेत, पंखांनी तोंड झाकलेले. स्मृतीचा पूर्वेला, फ्रान्सच्या रणभूमीकडे, जे झालं ते बघवत नाही म्हणून. भविष्याचा पश्चिमेला, जे येणार ते दिसत नाही म्हणून. विजयाच्या मस्तीत असलेल्या गावाने १९२६ साली हे उभारलं, हे तुम्ही लक्षात घेत नाही. आणि सोमवारी झेंड्यालाही दोन पाळ्या असतात. दुपारपर्यंत अर्ध्यावर, मेलेल्यांसाठी. बाराला पूर्ण वर, जगणाऱ्यांसाठी. तीन वाजता देशभर एक मिनिट थांबायचं, असा २०००चा कायदा आहे. थांबा आणि चला, दोन्ही एकाच दिवशी.

शंकेखोर : तीन वाजता लोक कुठे असतात? परतीच्या रस्त्यावर, गाडीच्या रांगेत. मिनिटभरच नव्हे, तासभर थांबलेले असतात.

उत्साही : हसा. पण मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? नुसते आक्षेप नकोत.

शंकेखोर : सोमवारी मानवंदना पुलावर घेतली असती. मैदानावरची बिगुलं आहेत तशी राहू देत. पण भाषण पुलावरून. आधी एकशेसतरा फुलं दिव्यांनी उजळायची, ती तुमची, त्यांची नावं वाचा, हवं तितका वेळ. मग उरलेली. देशागणिक. जर्मनीची दोन हजारांच्या आसपास, आपली चौऱ्याहत्तर. नावं नसतील तिथे आकडा वाचा, आणि नावं का नाहीत तेही वाचा. मग आतषबाजी करायची तर करा.

उत्साही : लोक सर्बियापर्यंत पोचण्याआधी उठून जातील.

शंकेखोर : जाऊ देत. जे उठतील त्यांना निदान कळेल आपण कुठे उठलो ते.

उत्साही : आणि दिवसही मग तुमचाच ठरवा! कारण तो मेमोरियल डे राहणार नाही. ज्या म्हातारीची वीट आहे तिला मी काय सांगू, की आज आम्ही तुमच्या वडलांवर गोळी झाडणाऱ्याचंही फूल लावतोय? तिला कदाचित चालेल. कदाचित ती माझ्याआधी लावेल. पण तिच्या वतीने ते ठरवायचा हक्क मला कुणी दिला, आणि तुम्हाला तरी?

शंकेखोर : तिला विचारा. एवढंच म्हणतो. आजवर कुणी विचारलेलं नाही, कार्यक्रम छापून हातात दिलाय. आणि एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी जर्मन शिपायाचा पणतू आला तर त्याला कुठे बसवाल?

उत्साही : पहिल्या रांगेत.

शंकेखोर : राष्ट्रगीत सुरू झाल्यावर?

उत्साही : तुम्ही काय करता?

शंकेखोर : उभा राहतो. कुटचं आठवतं, आणि उभा राहतो. का राहतो, ते अजून मला नीट सांगता येत नाही.